सगळं दानावर सोडलं तर?

प्रश्न थोडक्यात असा: सरकार सक्तीने कर घेतं आणि त्यातला बराच पैसा वाया जातो. त्यापेक्षा कर बंद करून शाळा, दवाखाने, रस्ते, अग्निशमन हे सगळं लोकांच्या ऐच्छिक देणग्यांवर चालवलं तर? विचारणाऱ्याचं म्हणणं असं की माणसं मुळात उदार असतात. कर गेले की हातात पैसा खुळखुळेल आणि देणग्या आपोआप वाढतील. शेवटी एक स्वतःपुरता प्रश्नही जोडलाय: ‘मी करही भरतो आणि दर वर्षी थोडीफार देणगीही देतो. मग ही देणगी द्यावी का, आणि द्यायची तर नेमकी कशाला?’ त्याचं उत्तर शेवटीच देते.

माझा पेशाच देणग्या मागण्याचा. रुग्णालयं आणि शाळा चालवणाऱ्या सेवाभावी संस्थांसाठी निधी उभा करणं, आणि पुढे त्यांची अंदाजपत्रकं आणि हिशेब बघणं, यात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. तेव्हा दानाविरुद्ध बोलणं म्हणजे ज्या ताटात जेवले त्यातच छेद करण्यासारखं. पण ‘माणसं उदार आहेत का’ हा इथला प्रश्नच नाही. ती आहेत. अनोळखी माणसाने समोरून येऊन पाकीट हातात ठेवल्याचा अनुभव आमच्या क्षेत्रात कुणालाही असतो. खरा प्रश्न वेगळा आहे: जे काम कुणाच्या नजरेत भरत नाही, जे दर महिन्याला करावंच लागतं, आणि जे नेमकं वाईट काळात जास्त करावं लागतं, त्याचा खर्च कोण उचलणार?

आधी आकडे बघू, कारण त्यांच्याशिवाय ही चर्चा हवेत राहते. देणग्यांच्या बाबतीत अमेरिका जगात आघाडीवर मानली जाते. तिथे २०२३ मध्ये व्यक्ती, प्रतिष्ठानं, कंपन्या आणि मृत्युपत्रं मिळून ५५० अब्ज डॉलरच्या वर देणग्या दिल्या गेल्या. रक्कम प्रचंड वाटते; देशाच्या सकल उत्पन्नात ती सुमारे २ टक्के बसते. तिथल्या केंद्र, राज्य आणि स्थानिक सरकारांचा एकत्रित खर्च मात्र सकल उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून जास्त आहे. म्हणजे आज जेवढं दिलं जातं त्याच्या पंधरा-सोळा पट तरी द्यावं लागेल. शिवाय आजच्या देणग्यांतला सुमारे पाव हिस्सा धार्मिक संस्थांना जातो, तो सांडपाण्याच्या नळांकडे वळेल असं मानायला काही आधार नाही.

‘कर गेले तर लोक जास्त देतील’ या मुद्द्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. थोडं जास्त नक्कीच देतील. पण अमेरिकेतच १९८१ पर्यंत सर्वोच्च उत्पन्नगटावरचा आयकराचा दर ७० टक्के होता आणि १९८८ मध्ये तो २८ टक्क्यांवर आला. इतकी मोठी उलथापालथ होऊनही देणग्यांचं प्रमाण २ टक्क्यांच्या आगेमागेच घुटमळत राहिलं. उलट बाजूही आहे. तिथे १९१७ पासून देणगीवर करसवलत मिळते. वरच्या गटातला माणूस शंभर देतो तेव्हा त्यातले तीसेक सरकारने सोडलेल्या कराचे असतात. कर गेला की ही सवलतही गेली. आर्थिक वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे पावतीसाठी जी झुंबड उडते ती एकदा बघा, मग सवलतीचं वजन कळेल.

पण समजा, चमत्कार झाला आणि पैसा पुरेसा जमला. तरीही माझी खरी अडचण सुटत नाही. एक प्रसंग सांगते. एका रुग्णालयाला डायलिसिसचं यंत्र द्यायचं म्हणून एक गृहस्थ आले. सज्जन माणूस, पैसाही कष्टाचा. मी त्यांच्यापुढे कागद ठेवला: यंत्राची किंमत एकदाच, पण त्यापुढे दर खेपेला लागणारे फिल्टर आणि नळ्या, पाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्राची देखभाल, यंत्राचा वार्षिक दुरुस्ती करार, आणि दोन पाळ्यांत दोन तंत्रज्ञांचे पगार. पाच वर्षांत हा खर्च यंत्राच्या किमतीला कुठल्या कुठे मागे टाकतो. त्यांनी कागद नीट वाचला, घडी करून परत माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, ‘पगारबिगार तुमचं तुम्ही बघा. यंत्रावर आईचं नाव मात्र ठळक हवं.’ यंत्र आलं. नावाची पाटी लागली, फोटो निघाले. मग कित्येक महिने ते मार्गिकेच्या टोकाला प्लास्टिकच्या आवरणाखाली उभं होतं, कारण चालवायला माणूस नव्हता. शेवटी पगाराची सोय झाली ती सरकारी अनुदानातून.

यात त्या गृहस्थांची काही चूक नव्हती. पैसा त्यांचा, इच्छा त्यांची. दान म्हटलं की निवड दात्याची. ती काढून घेतली तर ते दान राहतच नाही. आणि सार्वजनिक सेवेला नेमकी हीच गोष्ट परवडत नाही. कोनशिला बसते इमारतीवर. गळणाऱ्या छताच्या दुरुस्तीवर, लेखापरीक्षकाच्या फीवर, विजेच्या बिलावर कोणी नाव कोरून घेत नाही. रुग्णवाहिकेच्या दारावर दात्याचं नाव असतं, इंधनाच्या पावतीवर नसतं.

हे मोठमोठ्या दात्यांनाही पक्कं ठाऊक होतं. अमेरिकेतला उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी याच्या पैशातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या तीसेक वर्षांत जगभर अडीच हजारांवर ग्रंथालयं उभी राहिली. पण त्याची एक ठरलेली अट असे: जागा गावाने द्यायची, आणि इमारतीला दिलेल्या रकमेच्या १० टक्के इतका पैसा दर वर्षी सार्वजनिक महसुलातून पुस्तकांसाठी, पगारासाठी, देखभालीसाठी काढून ठेवायचा. नाहीतर इमारत नाही. पोलादाचे कारखाने चालवलेला माणूस, आवर्ती, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा खर्च काय असतो ते त्याला कोणी शिकवायला नको होतं. काही गावांनी याच अटीपायी त्याचा पैसा नाकारला.

दुसरी अडचण वाटपाची. देणगी जिथे गरज जास्त तिथे जाते असं नाही, जिथे गरज दिसते तिथे जाते. डिसेंबर २००४ मधल्या त्सुनामीनंतर जगभरातून इतका पैसा लोटला की आठवडाभरातच ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेने जाहीर केलं, या कामासाठी आमच्याकडे पुरेसे पैसे जमले आहेत, आता यासाठी पाठवू नका. द्यायचेच असतील तर इतर ठिकाणच्या कामाला द्या. त्या प्रामाणिकपणाबद्दल तेव्हा त्यांच्यावर आमच्याच क्षेत्रातले काही लोक चिडले होते. पण त्याच सुमाराला जगात अशी संकटं चालू होती की ज्यांची छायाचित्रं कुठल्याही वाहिनीवर नव्हती, आणि त्यांच्या डब्यात खडखडाट होता. निधी उभा करणाऱ्या कुणालाही विचारा: लहान मुलाचा चेहरा असलेलं आवाहन आणि मानसिक आजार असलेल्या मध्यमवयीन पुरुषाचं आवाहन, यांत जमणाऱ्या रकमेत जमीन-अस्मानाचा फरक असतो. साथरोगांवर पाळत ठेवणाऱ्या प्रयोगशाळेला तर चेहराच नाही. तिचं काम चोख झालं तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडण्यासाठी देणगी मागणं ही कला मला अजून साधलेली नाही.

ब्रिटनमध्ये हा प्रयोग रुग्णालयांवर मोठ्या प्रमाणावर होऊन गेलाय. १९४८ पूर्वी तिथली अनेक नामांकित रुग्णालयं ऐच्छिक होती, म्हणजे देणग्यांतून उभी राहिलेली. जिथे पैसेवाले राहत तिथे खाटा जास्त, जिथे खाणकामगार आणि गिरणीकामगार आजारी पडत तिथे कमी. दीर्घ आजाराचे, संसर्गाचे, वेडसर ठरवलेले रुग्ण बहुधा करांवर चालणाऱ्या सरकारी रुग्णालयांच्या वाट्याला. १९३० च्या दशकापर्यंत तर या ‘दानावरच्या’ रुग्णालयांचा मोठा खर्च रुग्णांच्या फीतून आणि कामगारांच्या आठवडी वर्गणीतूनच भागत होता. आरोग्यमंत्री अ‍ॅन्युरिन बेव्हन यांनी १९४६ मध्ये संसदेत सांगितलं की रुग्णालयांना खासगी दानधर्मावर अवलंबून राहावं लागणं हे सुसंस्कृत समाजाला शोभत नाही. बेव्हन राजकारणी होते, त्यांची भाषा त्यांना लखलाभ. पण खाटांचा नकाशा त्यांच्या बाजूने होता.

आता तिसरा मुद्दा. मला सगळ्यांत जास्त तोच पटतो, आणि चर्चेत तो नेहमी चुकीच्या पद्धतीने मांडला जातो. राजाने प्रत्येकाला रात्री हौदात एकेक तांब्या दूध ओतायला सांगितलं आणि सकाळी हौद पाण्याने भरलेला निघाला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. तात्पर्य काय, तर माणसं लबाड. मला ही गोष्ट माणसांवर अन्याय करणारी वाटते. अर्थशास्त्रज्ञांनी हा हौद प्रयोगशाळेत शेकडो वेळा भरून बघितलाय. चार माणसं, प्रत्येकाकडे वीस नाणी. सामायिक पेटीत टाकलेल्या दर नाण्यामागे चौघांनाही ०.४ नाणं मिळतं. सगळ्यांनी सगळं टाकलं तर प्रत्येकाच्या हाती ३२. कुणीच काही टाकलं नाही तर २०. पण तिघांनी टाकलं आणि मी हात आखडला, तर मला ४४ आणि त्यांना २४. होतं काय? पहिल्या फेरीत लोक साधारण निम्मी नाणी टाकतात. म्हणजे पहिल्या रात्री बरेच जण दूधच ओततात! मग निकाल कळतो, कोणीतरी पाणी ओतल्याचं दिसतं, आणि फेरीगणिक आकडा घसरत जाऊन दहाव्या फेरीपर्यंत पेटी जवळजवळ रिकामी होते. अर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकच बदल केला: पदरचे थोडे पैसे खर्चून चुकाराला दंड करण्याची मुभा दिली. योगदान घसरायचं थांबलं आणि वर चढलं.

यावरून मी काढलेला अर्थ असा की बहुतेक माणसं स्वार्थी नसतात, त्यांना फक्त मूर्ख ठरायचं नसतं. ‘बाकीचे देत असतील तर मीही देईन’ ही त्यांची अट असते, आणि ती अगदी रास्त आहे. करातली सक्ती उदार माणसाला नको असते असं आपण धरून चालतो. माझा अनुभव उलटा. नियमाने देणारी माणसंच पहिल्यांदा विचारतात, ‘तो शेजारचा बंगलेवाला किती देतो?’ त्याचं उत्तर समाधानकारक नसलं की पुढच्या वर्षी त्यांची रक्कम कमी होते. कर ही त्या प्रश्नाच्या उत्तराची हमी आहे: तू भर, बाकीच्यांनाही भरावाच लागतोय. म्हणून तर बड्या लोकांनी कर चुकवल्याची बातमी आली की मध्यमवर्गीय माणसाचं पित्त खवळतं. हमी मोडलेली असते.

आणि हे सगळं प्रयोगशाळेतच घडतं असं नाही. इंग्लंडमध्ये १५३६ च्या कायद्याने ठरलं की गरिबांसाठी चर्चच्या कारभाऱ्यांनी ऐच्छिक देणग्या गोळा कराव्यात. पुरेना. १५५२ मध्ये प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, वसुली करणारे नेमले. त्यांनी सौम्यपणे मागायचं, नाही म्हणणाऱ्याला पाद्र्याने समजवायचं, तरी ऐकलं नाही तर बिशपने. तरी पुरेना. १५६३ मध्ये बिशपलाही न जुमानणाऱ्याला न्यायाधीशापुढे उभं करून, आकारणी करून, प्रसंगी तुरुंगात टाकण्याची तरतूद आली. १५७२ मध्ये सरळ सक्तीचा कर लागला, आणि १६०१ च्या प्रसिद्ध गरीब-कायद्याने ती घडी पक्की बसली. लंडन शहराने तर १५४७ मध्येच सक्तीची आकारणी सुरू केली होती. हा समाज धर्मश्रद्ध होता, दान न करणाऱ्याला परलोकाची भीती होती, गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखत होता. दानासाठी याहून अनुकूल परिस्थिती मागूनही मिळायची नाही. तरी छत्तीस वर्षांत विनंतीपासून करापर्यंत यावं लागलं, आणि हे कोणा सिद्धान्तामुळे झालं नाही, एकेक उपाय अपुरा पडत गेला म्हणून झालं.

‘मग प्रतिष्ठेसाठी श्रीमंत देतील’ असंही कोणीतरी म्हणतंच. प्राचीन अथेन्समध्ये युद्धनौका सज्ज ठेवणं, नाट्यमहोत्सवाचा खर्च उचलणं ही धनिकांची मानाची कामं होती. पण तिथेही पळवाट बंद करावी लागली होती. ज्याच्यावर पाळी आली तो म्हणू शकत असे की अमका माझ्याहून श्रीमंत आहे, त्याने हा खर्च करावा, नाहीतर माझ्या मालमत्तेशी त्याची मालमत्ता बदलून द्यावी. मानाचं काम टाळण्यासाठी कोर्टकज्जे चालत. आजचं उदाहरण हवं असेल तर मॅसॅच्युसेट्स राज्याच्या आयकर-पत्रकात स्वेच्छेने जास्त दराने कर भरण्याचा रकाना आहे. तो निवडणारे एक टक्काही नाहीत. मीही निवडला नसता, खरं सांगायचं तर.

इथवरचं थोडक्यात: पैसा पुरत नाही हे एक. पुरला तरी आवर्ती आणि बिनचेहऱ्याच्या कामाला जात नाही हे दुसरं. आणि इतरांच्या वागण्याची हमी नसल्याने तो टिकत नाही हे तिसरं.

टिकण्यावरून आठवलं, मंदीचा मुद्दा छोटा आहे पण निर्णायक आहे. माणसांचं उत्पन्न घटतं तेव्हा देणग्या आटतात आणि मागणारे वाढतात. १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेचे अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांचा शेजारधर्मावर आणि ऐच्छिक मदतीवर मनापासून विश्वास होता. हा माणूस पहिल्या महायुद्धात बेल्जियमला अन्न पोचवण्याचं अवाढव्य मदतकार्य चालवून नावारूपाला आलेला. मदतकार्य त्याला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. त्यालाही जुलै १९३२ मध्ये राज्यांना मदतकार्यासाठी ३० कोटी डॉलरची सरकारी कर्जं देणाऱ्या कायद्यावर सही करावी लागली.

मागण्याचा खर्च हाही आमच्या क्षेत्रात दबक्या आवाजात बोलला जाणारा विषय. देणगी आपोआप येत नाही. पत्रं, फोन, कार्यक्रम, दात्यांच्या भेटी, मग आभाराची पत्रं आणि अहवाल, या सगळ्याला माणसं लागतात. नवा दाता मिळवायला तर कित्येकदा त्याच्या पहिल्या देणगीइतकाच खर्च होतो. अमेरिकेचं कर खातं मात्र १०० डॉलर जमवायला अर्ध्या डॉलरहूनही कमी खर्च करतं. करदात्याचा स्वतःचा वेळ आणि सल्लागाराची फी यात धरलेली नाही हे मान्य, पण ती धरूनही तुलना दानाच्या बाजूने झुकत नाही. आणि सगळ्या सेवा दानावर आल्या तर पोलीस, शाळा, मलनिस्सारण, न्यायालय असे सगळेच त्याच दारात एकाच आठवड्यात उभे राहतील. न्यायालयाने निधीसंकलनाचा स्नेहमेळावा भरवलाय आणि पहिल्या रांगेत उद्याचे पक्षकार बसलेत, हे चित्र जरा डोळ्यांसमोर आणून बघा.

यात घेणाऱ्याची बाजूही असते. १८६९ मध्ये लंडनमध्ये दानधर्माला शिस्त लावण्यासाठी ‘चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी’ निघाली. तिचे लोक घरोघर जाऊन चौकशी करत की अर्जदार मदतीला ‘पात्र’ आहे की नाही: दारू पितो का, वागणं नीट आहे का. आजची संस्था इतकं उघड विचारत नाही, पण रुग्णाची गोष्ट ‘चांगली’ आहे का हे आम्हीही बघतोच, कारण दात्याला ती सांगायची असते. करातून चालणाऱ्या दवाखान्यात रुग्ण रांगेत उभा राहून आरडाओरडा करू शकतो, तक्रारवहीत लिहू शकतो, निवडणुकीत राग काढू शकतो. दानावर चालणाऱ्या दवाखान्यात तो आभार मानतो. ज्याने दोन्हीकडे रांगा बघितल्यात त्याला हा फरक आवाजाच्या पट्टीवरून कळतो.

आता दुसऱ्या बाजूचा जो सगळ्यांत भक्कम पुरावा आहे तो मांडते. ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवर बुडणाऱ्यांना वाचवणारी रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन १८२४ पासून काम करतेय. २३० हून अधिक केंद्रं, बोटींवरचे बहुतेक लोक स्वयंसेवक, आणि उत्पन्नाचा निम्म्याहून मोठा भाग लोकांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या रकमांतून. सेवा अव्वल दर्जाची. म्हणजे जमतं की! जमतं, पण का जमतं ते बघा. काम थरारक आहे, डोळ्यांना दिसतं, किनाऱ्यावरच्या माणसाला ते आपलं वाटतं, आणि दोन शतकांची पुण्याई गाठीला आहे. तरीही १८५४ ते १८६९ या काळात संस्थेने सरकारी अनुदान घेतलं होतं. आजही संकटाचा निरोप येतो तो करांवर चालणाऱ्या तटरक्षक यंत्रणेच्या चोवीस तास जाग्या असलेल्या खोलीत, तिथून बोटीला बोलावणं जातं. आणि खर्चाचं प्रमाण असं की ही संस्था वर्षभरात जेवढं खर्च करते तेवढं ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा एका दिवसाच्या आत संपवते.

स्वयंसेवी अग्निशमन दलांचंही तसंच. जर्मनीत, ऑस्ट्रियात, चिलीत आग विझवणारे बहुसंख्य लोक बिनपगारी आहेत. माणसं स्वतःचा वेळ आणि जीव देतात, याहून मोठं दान कुठलं? पण बंब, इमारती आणि उपकरणं यांचा मोठा भार सार्वजनिक पैशावरच असतो. लंडनमध्ये १८३३ पासून विमा कंपन्यांनी मिळून एक अग्निशमन दल चालवलं होतं. १८६१ च्या टूली स्ट्रीटच्या भीषण आगीत त्याचा प्रमुखच दगावला, कंपन्यांना प्रचंड भरपाई द्यावी लागली, आणि त्यांनीच सरकारला सांगितलं की आता हे तुम्ही चालवा. १८६६ मध्ये सार्वजनिक दल सुरू झालं.

म्हणून ‘परिस्थितीवर अवलंबून’ हे शब्द मी टाळण्यासाठी वापरत नाही, त्यात खरोखर अर्थ आहे. छोटा समुदाय, ओळखीची माणसं, मर्यादित खर्च, डोळ्यांना दिसणारं फळ, एवढं असेल तर ऐच्छिक व्यवस्था उत्तम चालते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच सामायिक पाण्याच्या, कुरणांच्या, मासेमारीच्या व्यवस्थांच्या अभ्यासासाठी. पण त्यांनी नोंदवलेल्या टिकाऊ व्यवस्थांतही नियम मोडणाऱ्याला चढत्या क्रमाने दंड होता, तो सरकारऐवजी शेजारी करत एवढंच. विकिपीडियासारखी गोष्टही दानावर चालते, कारण आणखी एका वाचकाचा जादा खर्च जवळपास शून्य आहे. रुग्णालयाला हे लागू नाही, तिथे प्रत्येक नवा रुग्ण नवा खर्च घेऊन येतो. आणि जिथे सरकारच लुटारू आहे, कर भरून काहीच पदरात पडत नाही, तिथे लोक दानाच्या आधाराने तग धरतात हेही खरं. पण ते तग धरणं असतं, व्यवस्था नसते.

कराचा पैसा वाया जातो या तक्रारीबद्दल माझं भांडण नाही. जातो. देणगीचाही जातो, फक्त तो दिसत नाही, कारण हिशेब विचारायला दात्यापलीकडे फारसं कोणी नसतं. पण सरकार एक गोष्ट फार वाईट करतं: जोखीम घेणं. फसलेल्या प्रयोगाचं उत्तर विधिमंडळात द्यावं लागतं, म्हणून अधिकारी प्रयोगच करत नाही. इथे दान राजा आहे. १९३८ मध्ये अमेरिकेत पोलिओसाठी निघालेल्या निधीने लोकांकडून दहा-दहा सेंटची नाणी गोळा केली. जोनास साल्क यांच्या लशीचं संशोधन आणि १९५४ ची ती प्रचंड चाचणी त्याच पैशातून झाली, आणि १९५५ मध्ये लस सुरक्षित व परिणामकारक असल्याचं जाहीर झालं. अखेरच्या आजारातल्या माणसाची वेदना नीट हाताळायची म्हणून सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं तेही असंच, वैद्यकीय व्यवस्थेला तो विषय महत्त्वाचा वाटत नसताना. पण पोलिओची लस पुढे दर वर्षी प्रत्येक बाळाला द्यायची वेळ आली तेव्हा ते काम बहुतेक देशांत सरकारी लसीकरणाच्या अंदाजपत्रकात गेलं, आणि तिथेच ते शोभतं.

मधला एक मार्ग इटलीत आहे. तिथे आयकरातले हजारी आठ कोणत्या धार्मिक संस्थेला किंवा सरकारला द्यायचे ते करदाता पत्रकात सांगू शकतो. सक्ती कराची, निवड नागरिकाची. बहुसंख्य करदाते रकाना कोराच सोडतात, आणि त्यांचा वाटा ज्यांनी निवड केली त्यांच्या प्रमाणात विभागला जातो. म्हणजे थोड्यांची आवड सगळ्यांच्या पैशाला लागू. माझ्या मते हे प्रमाण लहान ठेवलं तर प्रयोग वाईट नाही. अख्खं अंदाजपत्रक असं चालवलं तर मलनिस्सारणाच्या वाट्याला काय येईल ते सांगायला नको.

आता तुमच्या देणगीबद्दल. द्या, जरूर द्या, पण कर भरतो म्हणून सरकारने करायचं ते काम पुन्हा देणगीतून करायला जाऊ नका. सरकार ज्याला हात लावत नाही किंवा लावू शकत नाही तिथे द्या: अजून सिद्ध न झालेली उपचारपद्धती, मोजकेच रुग्ण असलेला आजार, सरकारच्या खर्चावर नजर ठेवणारी संस्था. शेवटच्याला तर सरकार स्वतः कधीच पैसे देणार नाही, आणि दिले तर ती संस्था कामाची राहणार नाही. वर्षाअखेरीला एकरकमी देण्यापेक्षा दर महिन्याला थोडं द्या, त्यावर पगार ठरवता येतात. ‘अमुक कामासाठीच’ अशी अट घालू नका. ‘गरज असेल तिथे वापरा’ असं लेखी द्या, विश्वस्त तुम्हाला मनातल्या मनात दंडवत घालतील. आणि संस्था निवडताना तिथल्या हिशेब बघणाऱ्या माणसाला गाठून एवढंच विचारा की गेल्या वर्षी कोणतं बिल भरायला सगळ्यांत जास्त ओढाताण झाली. तो बहुधा थोडा घुटमळेल आणि मग वीजबिल, भाडं नाहीतर रात्रपाळीच्या परिचारिकेचा पगार असं काहीतरी सांगेल. तेच भरा.